मांयचं वखद

मांय,

‘प्रिय’ लिहिणार नाही. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून गप्प होते. पण आज धाकट्या जावेची, रश्मीची कंबर दुखली आणि दिराने औषध म्हणून तुमच्या कपाटातली फेणीची बाटली काढली. “आईचें वखद,” म्हणे. रश्मीला पाचवा महिना आहे.

आठवतं? तन्वी माझ्या पोटात असताना आपल्या लाटंबार्से गावच्या काजूची फेणी रोज संध्याकाळी जिरं घालून माझ्यापुढे यायची. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचात, “पी गो, वखद तें, सोरो न्हय.” घरात कोणी दारूला शिवायचं नाही, हा दंडकही तुमचाच. म्हणून तर पुढे तन्वीला तपासताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गरोदरपणी दारू घेतली होती?” तेव्हा मी ठणकावून नाही म्हटलं.

“आणि औषध म्हणून?” त्यांनी विचारलं. तेव्हा मी रोजच्या त्या पेल्याचं सांगितलं.

त्यानेच तन्वीच्या मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा पट्टा पोटातच बारीक राहिला, म्हणाल्या. सांगितलेलं तिच्या डोक्यात टिकत नाही, मनात आलेलं तिला आवरत नाही. ती मुद्दाम करत नाही.

आणि तुम्ही? पोदेराकडे पाव आणायला पाठवलेली पोर वाटेत कुत्र्यामागे गेली की पाठीत धपाटा! चुलीवर हात भाजला तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच हात घालायची. तर “पिशी ती, कुळाराचो गूण,” म्हणत तिला वेडी ठरवून आल्यागेल्यासमोर माझं केरीचं माहेर काढायचात.

तुम्हाला ठाऊक नव्हतं, मान्य. तुमच्या सासूनेही तुम्हाला तेच पाजलं असेल. पण पोरीला मारायला कोणी सांगितलं होतं? त्याची माफी माझ्याकडे नाही. तन्वीच्या वेळी मला शुद्ध हरपेपर्यंत उलट्या व्हायच्या तेव्हा तुम्हीच पेज भरवायचात, तेही आठवतं. त्याने राग कमी होत नाही, वाढतो.

रश्मीने पेला उचलला होता. मी तो हातातून काढून मोरीत ओतला, मागोमाग बाटलीही. दीर चिडला, “आईन दिल्लें तें वायट?”

“होय,” म्हटलं. तन्वीला शेजारी बसवून दोघांना सगळं सांगितलं.

एक वचन देते, मांय. रश्मीचं बाळ तुमच्या औषधाचा थेंब न चाखता जन्माला येईल. मग ते हुबेहूब तुमच्यासारखं दिसलं, तरी मी त्याला मांडीवर घेईन.

तुमची थोरली सून,
शुभदा