भाजलेल्या वेफरांना गिऱ्हाईक काय म्हणालं

अण्णा,

काल नातीने बटाट्याच्या वेफरचं पाकीट आणलं. तळलेले नाहीत, भट्टीत भाजलेले, तेल कमी, असं त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं. एक माझ्या हातावर ठेवून ती विचारते, "आजोबा, कसे लागतात?" साधा प्रश्न, पण माझ्या छातीत धडधडायला लागलं. ती घाबरून पाणी आणायला धावली. तिला काय सांगणार, की हाच प्रश्न मी एके काळी नौपाड्याच्या दुकानात फळीमागे उभा राहून दिवसभर विचारायचो आणि समोरचा चावत असे तोवर माझा श्वास अडकलेला असायचा. माझी शाळा सातवीत सुटली, पत्र लिहायची सवय नाही, आणि तुम्हाला जाऊनही कितीतरी वर्षं झाली. पण कालपासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितो.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. आपण बापलेक राहायला डोंबिवलीला, दुकान ठाण्याला. पुढे फळीवर मी, मागे कढईवर तुम्ही. तुम्हाला हृदयाचा झटका येऊन गेला आणि डॉक्टरांनी सांगितलं, "तळलेलं बंद. अगदी बंद." तुम्ही म्हणालात, "मी तळतो, डॉक्टर. खातो कुठे?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, कारण मी रोज बघत होतो. वेफर तेलात कडक होत आले की तुम्ही मिठाच्या पाण्याचा हबका मारायचात, तेल तडतडायचं, आणि घाणा झाऱ्यावर निथळला की त्यातला एक उचलून तोंडात टाकायचात. मीठ बसलं की नाही ते बघायला. दर घाण्याला एक, आणि घाणे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मी म्हणालो, "अण्णा, हे खाणंच झालं." तुम्ही म्हणालात, "अरे, चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. चव न बघता विकायचं तर मग मी खडी विकेन की." मी फळीवर परतलो. पण झारा कढईच्या कडेला टेकल्याचा आवाज आला की फळीवर माझा हात थांबायचा. आता एक गेला पोटात, असं मनात यायचं. समोरचं गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, वजन करताय ना?"

भाजण्याचा उद्योग मी का काढला ते मी कुणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. सगळ्यांना सांगायचो की लोक आता तब्येतीला जपायला लागलेत, दुकानात काहीतरी नवीन पाहिजे. मनात एवढंच होतं की गिऱ्हाइकाला भाजलेले आवडले तर कढई उतरवता येईल, आणि कढई उतरली तर तुम्ही वाचाल. पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला गाठलं. सकाळचे पाव निघाले की त्याची भट्टी तापलेलीच असते. चकत्यांवर तेलाचा नुसता हात फिरवायचा, मीठ भुरभुरवायचं आणि पत्र्यावर पसरून आत सारायच्या. पहिल्या खेपेला निम्म्या करपल्या, निम्म्या चामड्यासारख्या झाल्या. बेकरीवाला म्हणाला, "शेठ, याच्या चपला शिवा." पुढे जमत गेलं. कुरकुरीत निघायला लागले, फक्त हवा लागली की लगेच सादळायचे. तुम्ही एक खाऊन बघितलात आणि चेहरा तसाच ठेवून म्हणालात, "मला काय विचारतोस? गिऱ्हाइकाला विचार."

म्हणून मी विचारत सुटलो. आजही ती तोंडं माझ्यासमोर आहेत. बँकेतले एक साहेब डोळे बारीक करून चावतात आणि म्हणतात, "कागद खाल्ल्यासारखं वाटतं. पण हाताला तेल लागत नाही, हे बरंय. फाईल धरता येते." कॉलेजातली पोरं हसतात, "काका, तळायला विसरलात काय?" चेंदणीची कोळीण मावशी मासळीची पाटी खाली ठेवून एक तोंडात टाकते आणि मान हलवते, "याच्यापरीस आमचं सुकं बोंबील बरं." एक बाई मात्र खूश झाल्या. त्यांच्या मालकांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं, म्हणून त्यांनी अर्धा किलो नेले. त्या दिवशी मला जेवणही गोड लागलं. पुढच्या आठवड्यात परत आल्या, नेहमीचे तळलेले मागितले. मी विचारलं, "आणि ते?" त्या म्हणाल्या, "हे म्हणतात, आजारी मी आहे, वेफरांना कशाला पथ्य?" मागून तुमचं हसणं ऐकू आलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. तुम्हाला तेव्हा वाटलं असेल, धंदा बसत नाही म्हणून याचं तोंड उतरलंय. पण मी विकलेली पाकिटं मोजत नव्हतो. गिऱ्हाईक नाक मुरडायचं तेव्हा मला वाटायचं, तुमचं आयुष्य तेवढ्याने कमी झालं.

मग संकष्टी आली. त्या दिवशी आपल्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. चंद्र दिसेपर्यंत उपासाच्या लोकांना काहीतरी तोंडात टाकायला लागतंच. मी ठरवलं की हाच दिवस. बेकरीतून डबे भरून आणले आणि तुम्हाला म्हणालो, "आज स्टोव्ह पेटवू नका. हेच पुरतील." तुम्ही मागे स्टुलावर बसलात, हात गुडघ्यांवर. मला ते हात बघवत नव्हते, म्हणून मी पुढेच बघत राहिलो.

रांगेत पुढे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या, दर संकष्टीला येणाऱ्या. त्या काय म्हणतात ते मागचे लोक ऐकत. बाईंनी एक घेतला, सावकाश चावला. म्हणाल्या, "हलके आहेत रे. उपासाला बरे, पित्त व्हायचं नाही. दे पाव किलो." रांगेतून लगेच आवाज आले, मला पण, मलाही पाव. एकाने तर तिथेच पुडा फोडला. पुडे बांधताना घाईत दोरा निसटत होता. जमलं, असं वाटलं. आता कढई उतरणार. बाई पिशवीत पुडा ठेवता ठेवता सहज विचारतात, "भाजता कुठे? घरीच?"

अण्णा, खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला ते सुचलंच नव्हतं. तेल, छाती, डॉक्टर, यापलीकडे माझं डोकं गेलंच नव्हतं. आपल्या घरी आई उपासाची कढईसुद्धा वेगळी ठेवायची, आणि मी मात्र बेकरीतून उपासाचं आणून विकायला बसलो होतो. मी म्हणालो, "भट्टीत, बाई." त्या म्हणाल्या, "कुणाच्या?" मी तराजूकडे बघत राहिलो. तेव्हा मागून तुमचा आवाज आला, अगदी शांत. "बेकरीच्या, बाई. त्याच पत्र्यांवर केक निघतात. केकात अंडं असतं."

पुडा फोडलेला माणूस बाहेर जाऊन गटारात थुंकला आणि परत येऊन म्हणाला, "म्हणजे मोडला की काय माझा उपास?" बाई म्हणाल्या, "नकळत झालं त्याला दोष नाही." पण पिशवीतला पुडा काढून त्यांनी फळीवर ठेवला. मग एकेक करत सगळ्यांनीच ठेवले. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. तुम्ही तोवर उठून स्टोव्हला पंप मारत होतात. "जरा थांबा, बाई. तळून देतो."

मी मागे येऊन दबक्या आवाजात तुमच्यावर चिडलो. "कशाला सांगितलंत? त्यांना काय कळणार होतं?" तुम्ही चकत्या पाडत होतात. म्हणालात, "उपास त्यांचा आहे. तो आपण मोडायचा नसतो." मग माझ्या तोंडून निघून गेलं की मी हे सगळं तुमच्यासाठी करत होतो. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाहीत. "ठाऊक आहे. धंद्यासाठी कुणी एवढं घाबरून विकत नाही."

घाणा निघाला. निथळत असतानाच तुमचा हात सवयीने झाऱ्याकडे गेला आणि मी तुमचं मनगट धरलं. बापाचं मनगट मी तोवर कधी धरलं नव्हतं. घट्ट धरलं असणार, कारण तुम्ही आधी हाताकडे बघितलंत, मग माझ्याकडे. बाहेर कुणीतरी विचारत होतं, झालं का हो. तुम्ही दुसऱ्या हाताने एक वेफर उचलून माझ्यापुढे धरलात. "बघ मग तूच. मीठ?" गरम होता, जीभ भाजली. मी म्हणालो, "बरोबर आहे." "नक्की?" "नक्की."

त्या दिवसानंतर तुम्ही दुकानात कधी वेफर तोंडात टाकला नाहीत. बेकरीचे डबे बंद झाले, कढई चालू राहिली, आणि तुम्हीही राहिलात, डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त, नव्वदचं दशक जवळजवळ सगळं. दर घाण्याला मागून आवाज यायचा, "मीठ?" आणि मी पुढून जाऊन एक तोंडात टाकायचो. पुढे पुढे गिऱ्हाइकं मला हळूच बोलायला लागली. बाई एकदा म्हणाल्या, "हल्ली मीठ कधी जास्त, कधी काहीच नाही. अण्णांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हणालो, बरी आहे. ते तुमच्या कानावर मी जाऊ दिलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा एवढं लिहून टाकतो. मिठाचं मला कधीच कळलं नाही, अण्णा. वेफर जिभेवर टेकायच्या आधीच मी "बरोबर आहे" म्हणून मोकळा व्हायचो, कारण मी जरा थांबलो असतो तर तुम्ही स्वतः चव बघितली असतीत.