बाबा बरे दिसत होते

१४ मार्च, शनिवार दुपार

लाडक्या ताईस,

मोठं अक्षर काढते आहे, म्हणजे तुला न अडखळता वाचता येईल. आई शेजारी बसून सांगते आहे, "आधी खुशाली लिही." तर आई ठीक आहे. तुझ्या जुन्या चादरीचे तिने पडदे शिवले, ते खिडकीला आखूड पडले. बाबांनी तिची भरपूर फिरकी घेतली. नर्सिंगची माझी परीक्षा पुढे गेली. सुई टोचताना आता हात थरथरत नाही. फोन केला नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मला बोलता येणार नाही. पत्र दुधाच्या गाडीवाल्या काकांकडे देते, सकाळी तुझ्या हातात पडेल.

बाबांचा खोकला तुला माहीतच आहे. कामावरच्या लॉन्ड्रीतल्या वाफेचा म्हणून आपण सगळ्यांनीच तो सोडून दिला होता. मंगळवारी त्यांना जिना चढवेना. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. तर म्हणाले, "थांब गं डॉक्टरीणबाई, शर्टाला इस्त्री करू दे."

मागच्या खेपेला ते कामावरून तसेच घामेजलेले गेले होते, आठवतं? काळा माणूस, दारूच प्यायला असणार असं समजून त्यांना दाराजवळच्या बाकावर बसवून ठेवलं, आणि मागून आलेली गोरी माणसं पुढे गेली. तेव्हापासून आपल्या घरात ठरलंय, दवाखान्यात जायचं ते लग्नाला निघाल्यासारखं. डॉक्टरांचे कोट कडक करणारे ते हात कॉलरपाशी येऊन थांबले. कॉलर मी केली. आईने दाढी करून दिली. खालच्या काकूंनी विचारलं, "नवरदेव कुठे निघाले?" बाबा म्हणाले, "नवरी बघायला. ही जुनी झाली." एवढं बोलून किती तरी वेळ कठडा धरून उभे राहिले.

डॉक्टर तरुण होते, माणूस वाईट नव्हता.

"कसं वाटतंय?"

"बरा आहे, साहेब." ताठ बसून, श्वास दाबून.

मी मागून म्हटलं, "बरे नाहीत." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चारचौघांत त्यांची अब्रू काढली.

मग बोटाला चिमटा लावला. अंगात प्राणवायू किती, त्याचा आकडा दाखवतो तो. आकडा चांगला आला. भिंतीवर एक चित्र होतं, श्वास कमी पडला की ओठ निळे होतात असं सांगणारं. त्यातला चेहरा गोरापान. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "आपले निळे झाले तरी कुणाला कळायचे?" आणि हसले.

ताई, काळ्या बोटावर हा चिमटा कधी कधी जास्त आकडा दाखवतो, असं आम्हाला वर्गात शिकवलंय. ते मी डॉक्टरांना सांगितलं.

ते म्हणाले, "मला माहीत आहे. पण आकडा कमी आला तरच खाट मिळते. रक्त काढून नेमकं बघायचं मशीन मोठ्या हॉस्पिटलात आहे, आणि तिकडे पाठवायलाही हाच आकडा लागतो." मग बाबांकडे बघून म्हणाले, "तसे बरे दिसतायत."

दिसतच होते गं. आम्हीच तसे केले होते.

आम्ही घरी आलो. गुरुवारी सकाळी चहा घेताना त्यांच्या हातातून कप सुटला. आता ते मोठ्या हॉस्पिटलात आहेत, घशात नळी आहे, श्वास मशीन देतंय. नेताना आईने त्यांना तोच शर्ट घातला होता, तो तिथे कात्रीने कापून काढला. पिशवीत घालून माझ्याकडे दिला. कॉलर अजून ताठ आहे.

आज सकाळी तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. याचा अर्थ मला कळतो. आईला मी सांगितलेला नाही. घरात एकीला तरी शिकवायचं म्हणून तू काम धरलंस आणि मला शाळेत घातलंस. ताई, मला त्या दिवशी सगळं कळत होतं. कळून काय झालं?

आई म्हणते, "तिला चांगले कपडे घालून यायला सांग, नाहीतर दारावर अडवतात." चांगल्या कपड्यांनी काय होतं ते मी पाहिलंय. आणि कामावरून तशीच आलीस तर खरंच अडवतील. काय सांगू, मला समजत नाही. तू ये.

तुझी धाकटी

(आल्यावर मला डॉक्टरीणबाई म्हणू नकोस.)