भाभींच्या वाट्याची आई

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आत्ता, पन्नाशी उलटल्यावर, तुझ्यावरून माझ्या पोटात दुखायला लागलंय. खरं दुखणं नव्हे. दुसऱ्याच्या ताटात आपल्यापेक्षा मोठा वाटा पडलेला दिसला की जे दुखतं ते. आणि तेही कशावरून, तर मोबाईलवर बघायच्या एका मालिकेवरून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुला दुसरं काम न्हाय का गं?" काम आहे. बारामतीत आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, सकाळी गिऱ्हाइकांची झुंबड असते, गल्ल्यावर मीच असते. पण भर दुपारी दुकानात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आमचे हे आत पोत्यांवर आडवे होतात आणि मी मालिका बघते. बघते ती बघते, वर त्या मालिकेवर चर्चा करणाऱ्यांच्या ग्रुपातही आहे. हस, खुशाल हस. तुला हसायला छान जमायचं, हे मला आता कळलंय.

मालिका तुझ्या काळातल्या एका सरकारी ऑफिसची आहे. फोनच्या डायलला बारकं कुलूप, कुरकुरणारा पंखा, दोरीनं बांधलेले फायलींचे गठ्ठे, आणि मधोमध टाईपरायटरवर बसलेली टाईपिस्ट बाई. लोक नुसते वेडे झालेत तिच्यापायी. आमच्या दुकानात येणारे एक तात्या आहेत, एसटी डेपोत कारकुनी करून रिटायर झालेले, त्यांनी हा ग्रुप काढला. बारामती-इंदापूरकडचे जुने नोकरदार, त्यांच्या सुना, दोन-तीन मास्तर. शुक्रवारी नवा भाग येतो आणि शनिवारी सकाळपासून जुंपते. "बाईच्या टेबलावर कार्बन कुठं दिसला? प्रती काय फुंकून काढती का?" "हेडक्लार्क वाईट न्हाय वो, त्येला वरनं त्रास हाय." "त्येला आधी गडचिरोलीला धाडा, मग बोलू." एकानं तर लिहिलं होतं, बाईची बदली केली तर मी मालिका बघणं सोडीन, जणू मालिका काढणारा आमच्या ग्रुपात बसून तंबाखू मळतोय. मला मजा यायची. मी खऱ्या टाईपिस्टची मुलगी, तेव्हा या बाईवर माझा इतरांपेक्षा जास्त हक्क, असं मनातल्या मनात धरून बसले होते. बोलले मात्र नव्हते कुणाला.

मग तात्यांनी टूम काढली, की शनिवारी एकेकानं आपापल्या ऑफिसातली गंमत सांगायची, नावं न घेता, कुणाची अब्रू न काढता. आणि भिगवणच्या भाभी बोलल्या. त्यांना सगळे भाभीच म्हणतात. वय झालंय, टाईप करता येत नाही मोबाईलवर, म्हणून त्या बोलून पाठवतात. जन्मभर टाईपिंग केलेली बाई, आणि म्हणते कशी, ह्या काचेवर बोटं चालत न्हाईत. त्या म्हणाल्या, "ह्या शिरेलीतल्या बाईचं काय कौतुक करताय? आमच्या इंदापूरच्या हापिसात माझ्या शेजारी एक बसायची, वरकुट्याहून यायची एसटीनं. मशीनवर बसायच्या आधी बांगड्या कोपरापतुर सारायची आन वर रबरबँड लावायची, खुळखुळ नगं म्हणून. तिच्यापुढं ही काहीच न्हाय." मी एका गिऱ्हाइकाला वांग्याचं बी देत होते. हातातली पुडी तशीच राहिली. तुझ्या मनगटावरचा तो रबरबँड मी भाकरीच्या पिठानं पांढरा झालेला पाहिलाय, आंघोळीनंतर पाहिलाय, दवाखान्यातल्या खाटेवरही पाहिलाय. एका क्षणी मला वाटलं, ओरडून सांगावं, अहो, ती माझी आई! दुसऱ्या क्षणी भाभी पुढचं सांगायला लागल्या आणि मी ऐकतच राहिले.

साहेब फेऱ्या मारत पत्र सांगायचे म्हणे. सांगता सांगता मध्येच शिपायाला ओरडले, "अरे दोन चहा आण, एक बिनसाखरेचा." तू ते जसंच्या तसं पत्रात टाईप केलंस, साहेबांनी न वाचता सही ठोकली आणि पत्र पुण्याला गेलं. पंधरवड्यानं उत्तर आलं, "परिच्छेद दोनमधील चहाबाबत बोध होत नाही, तरी खुलासा करावा." भाभी सांगत होत्या, तू मुद्दाम केलं होतंस. पैज लावली होतीस भाभींशी. ग्रुपात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. तात्यांनी लिहिलं, असली बाई डेपोत असती तर मी रिटायरच झालो नसतो. पुढच्या शनिवारी दुसरी गोष्ट, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरी. तू साहेबांची चाल करून दाखवायचीस, त्यांच्या खोकल्यासकट. मुकादम रजेचा अर्ज सांगायला लागला की त्याच्या सासूला दर वेळी नवीन आजार लावायचीस. आता मालिका राहिली बाजूला, शुक्रवारचा भाग कुणी बघेना. सगळे शनिवारी भाभींची वाट बघायला लागले. "भाभी, आज तुमची वरकुटेवाली येऊ द्या." तुमची! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, आई. आमचे हे विचारायचे, काय झालं? मी म्हणायची, काही नाही, ऊन लागलंय.

कारण ही बाई मी बघितलीच नाही कधी. माझ्या वाट्याला जी आली ती दिवेलागणीला दारात यायची, पिशवी खुंटीला अडकवायची, आणि पहिला शब्द असायचा, "पाणी भरलं का?" आजी खाटेवर, वडील मळ्यातून भाजीच्या पाट्या घेऊन यायचे, तू पदर खोचून चुलीपुढं बसायचीस ती एकदम झोपायलाच उठायचीस. रागीट होतीस असं नाही. बोलायचीच नाहीस. मला वाटायचं, माणूस असंच असतं, आया अशाच असतात. आणि शनिवार! शनिवारी तुझा उपास. आम्हाला कालवण-भाकरी वाढून तू नुसता चहा प्यायचीस, आणि आजी शेजारणीला सांगायची, माझी सून शनिवार धरती. भाभी काय सांगतात ठाऊक आहे? शनिवारी त्या स्वतः डब्यात तळलेले मासे आणायच्या, उजनीचे, आणि तुम्ही दोघी रेकॉर्डच्या खोलीत दार लोटून बसायचात. काटे वापरलेल्या कार्बनमध्ये गुंडाळून टाकायचात. तू बोटं चाटायचीस म्हणे. मला माशाचं काही नाही. खायचे होते, खाल्लेस, बरं झालं. पण बोटं चाटणारी माझी आई भाभींनी दर शनिवारी बघायची आणि मी एकदाही नाही, हे कुठलं माप?

एकदा मात्र मी बघितली होती. तुला आठवत नसेल, मला लख्ख आठवतंय. मी नववीत आहे, इंदापूरच्या हायस्कुलात वक्तृत्व स्पर्धा आहे, मला दुसरं बक्षीस मिळालंय, स्टीलचा पेला. गुरुजी म्हणतात, तुझी आई इथंच आहे ना, जा, दाखवून ये. मी पळत तुझ्या ऑफिसला येते. खिडकीतून आधी आवाज येतो, कोणीतरी खो खो हसतंय, श्वास अडकेपर्यंत. मी आत बघते तर ती तू. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, डोळ्यांत पाणी, आणि शेजारच्या हिरव्या साडीतल्या बाईच्या खांद्यावर तुझं डोकं. मी दारात उभी राहते, पेला पुढं धरून. तू मला बघतेस, आणि तुझं हसू असं खाडकन बंद होतं, कोणी दिवा मालवावा तसं. "काय गं? कशाला आलीस? घरी समदं बरं हाय न्हवं? आजी बरी हाय का?" मी म्हणते, बरी आहे, मला बक्षीस मिळालं. तू म्हणतेस, "बरं बरं, जा आता, गाडी जाईल," आणि शिपायाला माझ्याबरोबर स्टँडवर धाडतेस. मी फाटकाशी पोचते तेव्हा आतून परत हसण्याचा आवाज येतो. एवढंच. मारलं नाहीस, रागावली नाहीस. पण मी एसटीत बसून तो पेला पिशवीत तळाशी घातला, आणि त्या हिरव्या साडीला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की माझं मलाच नवल वाटलं. तीच ही भाभी. आज डीपीला उजनीच्या पाण्यातल्या फ्लेमिंगोंचा फोटो लावते.

तर गेल्या शनिवारी माझा बांध फुटला. भाभी म्हणाल्या, "तिचं सगळं आयुष्य म्हंजी हापिस. हितं फुलायची बाई." फुलायची म्हणे! मी दुकानातूनच बोलायला लागले, गिऱ्हाईक समोर उभं असताना. म्हटलं, तात्या, भाभी, सगळ्यांनी ऐका, ही वरकुट्याची बाई माझी आई. आणि ती घरी काय करायची ते भाभींना माहीत नाही. पोळपाट उलटा करायची, त्यावर खडूनं टाईपरायटरची अक्षरं काढायची आणि मला टाईपिंग शिकवायची. माझं बोट चुकलं की माझ्या नाकाला पीठ लावायची, तिचं चुकलं की मी तिच्या. शेवटी दोघी पांढऱ्या फटक व्हायचो आणि हसत हसत चुलीपुढं लोळायचो, आजी खाटेवरून ओरडायची. आई, कुठून आलं हे माझ्या तोंडात? खरं काय झालं होतं ते आपल्या दोघींनाच ठाऊक. मी एकदा पोळपाटावर बोटं वाजवत होते, तुझ्यासारखी, ऐटीत, आणि तू माझ्या हातावर फटका मारून म्हणालीस, "बंद कर ती ठकठक. दिसभर तेच ऐकून डोस्कं उठलंय." पण ग्रुपात काय कौतुक झालं सांगू! फुलं, टाळ्या, रडके चेहरे. एका मास्तरांनी लिहिलं, हे मालिकेत घ्यायलाच पाहिजे. भाभींचा मात्र एक शब्द नाही. मला वाटलं, ओळखलं म्हातारीनं. तिला तुझं सगळं माहीत, हेही माहीत असणार की तू असलं काही करणारी नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. म्हटलं, आता उभी सोलणार. म्हणाल्या, "तू ती पोरगी व्हय? तुझा मला लई राग यायचा गं." मी मोबाईल कानाशी घट्ट धरला. "पाच वाजायच्या आधी तिचं ध्यान घड्याळात. मी म्हणायची, बस की जरा, पुढच्या गाडीनं जा, चहा घिऊ, घडीभर बोलू. कधी म्हंजी कधी थांबली न्हाय. एकदा चप्पल तुटली तर हातात घिऊन पळाली स्टँडवर, अनवाणी, मे महिन्यात. आन गाडी चुकली की तोंड बघवत न्हवतं तिचं. मी म्हणायची, एवढं काय ठेवलंय घरी? तर हसायची नुसती, सांगायची न्हाय. माझ्यापाशी समदं बोलायची, साहेबाचं, सासूचं, पर तुझं काय बोलायची न्हाय. मला वाटायचं, घरी काय, कामाचा रगाडा असंल, हसणं-खिदळणं माझ्यापाशीच हाय. एवढं तरी माझं हाय. आन काल तू ही पोळपाटाची गोष्ट सांगितलीस." मग आवाज आणखी खाली गेला. "रातभर डोळा लागला न्हाय बघ. ह्या वयात. लई जळलं मला. त्यासाठी पळत हुती व्हय ती, हे आत्ता कळलं."

आता बोल. मी काय करायला पाहिजे होतं? तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं की भाभी, घरी असलं काही नव्हतं, आम्ही रोज संध्याकाळी तिच्या तोंडाकडं बघत बसायचो, हसू तुमच्यापाशीच होतं, सगळं तुमचंच होतं, सुखानं झोपा. जिभेवर आलंही. पण तू अनवाणी पळत होतीस, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं गं, तूसुद्धा नाही. दारात येताना दम लागलेला असायचा तुला, मला वाटायचं, कंटाळलीय. त्या भरात मी भाभींना म्हटलं, "ती घरचं बाहेर बोलायचीच नाही." त्या म्हणाल्या, "व्हय, तशीच हुती," आणि मग अगदी लहान पोरीसारख्या म्हणाल्या, "आजून एखादी असंल तर सांग की."

हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचे असते तर आज टाकलेच नसते, कारण पुढचं वाचून तू मला सोडलं नसतंस. उद्या शनिवार आहे. ग्रुपात सकाळपासून विचारताहेत, वरकुटेवालीची लेक काय सांगणार म्हणून. दुसरी गोष्ट मी रचून ठेवलीय, त्यात तू मला मांडीवर घेऊन साहेबांचा खोकला करून दाखवतेस. भाभी ऐकतील आणि परत त्यांची झोप उडेल. मी त्यांना खरं सांगणार आहे, पण इतक्यात नाही. त्यांना माझा हेवा वाटतोय, आई. वाटू दे थोडे दिवस.