पुण्याच्या बाईंना आमचे लॉग दिसेनात

मु. पो. पिपरटोला, आलापल्लीजवळ
ता. १९ एप्रिल २००८

वडसा मुक्कामी सुखात असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीस, सौ. वच्छलाबाईस, धाकट्या देवानंदाचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही नमस्कार. त्यांचा दमा कसा आहे ते कळव आणि राइस मिलच्या कोंड्यात उभं राहू नका म्हणावं (ते ऐकणार नाहीत, पण सांगितल्याचं समाधान मला मिळेल). आईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? डिसेंबरात ती तुझ्याकडे एक नाटक बघायला म्हणून आली, अख्खा हंगाम बघितला, मंडप उतरले, नटनट्या आपापल्या गावी गेल्या, आणि आमची आई अजून तिथंच आहे. इकडे सगळं ठीक. मोहफुलं यंदा बरी पडली, वेचून वेचून आमच्या सौ.ची, कुंताची, पाठ दुखते, माझे गुडघे पहिल्यासारखेच, म्हणजे वाईट.

बाई, बातमी आधी सांगून टाकतो. डिप्लोमा आपल्या घरात आला! एकाहत्तर टक्के! डेपोतली कॉम्प्युटर ऑपरेटरची जागाही आपल्याच घरात आली, आणि तीस एप्रिलच्या आत हजर व्हा असा सहीशिक्क्याचा कागद आला आहे. तो मी सकाळपासून चारदा वाचला.

आता मुळापासून सांगतो. गेल्या जूनमध्ये आमच्या लाकूड डेपोत कॉम्प्युटर आला. आमच्या साहेबांनी, म्हणजे गुणवंतरावांनी, त्याला नारळ फोडला, हार घातला, वर प्लास्टिक घातलं आणि बाजूला एक गादीची खुर्ची ठेवून दिली. मग नोटीस लागली: दहावी पास आणि एकतीस मार्चच्या आत कॉम्प्युटरचा डिप्लोमा असेल अशा इथल्या आसपासच्या गावातल्याच माणसाला ही जागा मिळेल, नाहीतर बाहेरून भरू. तुला ठाऊक आहे, बावीस वर्षं मी लाकडांच्या थप्प्यांवर चढून टेप धरतो आहे. डॉक्टरनं दोनदा सांगितलं की गुडघ्यांना आता चढू देऊ नका. म्हणजे ती खुर्ची माझ्यासाठीच आलेली होती, फक्त मधे एक डिप्लोमा आडवा होता. दहावीही मी पास आहे (तिसऱ्या खेपेला, पण कागदावर खेप लिहीत नाहीत).

आलापल्लीत इसरूचं कॉम्प्युटर सेंटर आहे. दोन मशीन, एक चालू. त्याच्या दारावर पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात लावलेली: नोकरी सांभाळून इंटरनेटवर शिका, तुमच्या सवडीनं, वयाची अट नाही. ते 'सवडीनं' वाचून मी वितळलोच. फॉर्म भरला. घरी फोन नाही म्हणून त्यात डेपोचा नंबर लिहिला (इथंच माशी शिंकली, पण ते पुढं). डेपोत मात्र कोणाला बोललो नाही. नापास झालो असतो तर तिथल्या चैतूनं मला रिटायर होईपर्यंत चिडवलं असतं.

पण बाई, सवड ही एकट्या माणसाची गोष्ट नसते. माझी सवड रविवारी. रविवारी लाइट नाही. लाइट असला तर फोनची लाइन नाही, कारण रानडुकरांनी कंद समजून केबल उकरलेली. लाइट आणि लाइन दोन्ही असले तर इसरू सासुरवाडीला. तरी मी शिकलो. माउस शिकताना फार हाल झाले. बावीस वर्षं लाकडावर एका घावात शिक्क्याचा हातोडा उठवणाऱ्या माणसाला त्या पोरानं सांगावं की काका, दोनदा टिचका, पण हळू! माझा हात काही हळू होईना. इसरूचे दोन माउस गेले. तिसऱ्याला त्यानं मला हात लावू दिला नाही, तो स्वतः टिचकायचा आणि मी बाजूला उभा राहून कुठे ते सांगायचो.

दिवाळीनंतर डेपोत माल यायला लागला आणि मला पंधरा दिवस आलापल्ली दिसली नाही. एका सकाळी डेपोचा फोन वाजला. मी मागं थप्पीवर होतो, फोन साहेबांनी घेतला. पुण्याहून दिव्यानी मॅडम. ही त्या संस्थेतली बाई, विद्यार्थ्यांची चौकशी करणं हे तिचं काम, बोलणं साखरेसारखं. साहेबांनी नुसतं कुठला तो डेपो एवढं सांगितलं असावं, कारण ती थेट मुद्द्यावर आली. म्हणाली, "पंधरा दिवसांत तुमच्याकडून एकदाही लॉग इन झालेलं दिसत नाही. असंच राहिलं तर आम्हाला बंद करावं लागेल."

आता तू वडशाची, तुला हसू आलं नसेल. आमच्याकडे सागाच्या ओंडक्याला सगळे लॉगच म्हणतात. जंगलातून लॉग डेपोत आला की इन, ट्रकमधून बाहेर गेला की आऊट. साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. तिथं लॉगचा डोंगर, आणि पुण्याची बाई म्हणते आलेलं दिसत नाही! साहेबांना घाम फुटला. त्यांनी विचारलं, तिथून तुम्हाला दिसतं? ती म्हणाली, हो, आम्हाला इथून सगळं दिसतं. मग ती आणखी गोड होऊन म्हणाली, पासवर्ड हरवला असेल तर काळजी करू नका, मी इथूनच नवा देते. जंगलातलं लाकूड बाहेर न्यायचं तर आमच्या ऑफिसचा पास लागतो, आणि तो पुण्याहून कोणी फोनवर नवा देतो म्हटल्यावर साहेब मटकन खाली बसले. त्यांची खात्री पटली की वरून गुप्त तपासणी लागली आहे, आणि आपल्या डेपोतून खोट्या पासावर माल जातो आहे.

फाटक बंद. सगळे मजूर जमा. साहेब ओट्यावर उभे राहून म्हणाले, "पुण्याची बाई लॉग इन नाई म्हणून राह्यली. मंग हे समोर काय पडलं आहे? मोजा सारं." आणि बाई, मोजायचं कोणी? मीच! दोन दिवस मी एकेका लॉगवर चढून टेप लावला, शिक्का तपासला, गुडघे रडत होते. चैतू दर थप्पीला म्हणायचा की पुण्याच्या बाईची नजर भलती तेज आहे. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण नाही पडला. मीही घाबरून मोजतच होतो. एकूण एक लॉग जागेवर निघाला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः पुण्याला फोन लावला आणि ताठ मानेनं सांगितलं की सगळे लॉग इन आहेत. दिव्यानी मॅडमनं बघितलं आणि म्हणाली, छे, देवानंद यांचं अजून नाहीच.

साहेबांनी मला आत बोलावलं. मी सगळं कबूल केलं, जाहिरातीपासून रानडुकरांपर्यंत. वाटलं, आता हाकलतात. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "अरे, शिकायचं होतं तं मले सांगायचं. हा डबडा काऊन झाकून ठेवला आहे मंग?" त्यांनी प्लास्टिक काढलं आणि रोज साडेपाच ते सात ऑफिसात बसायची परवानगी दिली. वर बजावलं की यापुढे डेपोच्या फोनवर लॉग हा शब्द कोणी काढायचा नाही.

मग काय विचारतेस! रोज संध्याकाळी आम्ही तिथं. कुंता चहा घेऊन यायची आणि थांबायची. फेब्रुवारीत चंद्रपूरला परीक्षा झाली. आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो, येताना नाश्ता केला, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निकाल. एकाहत्तर! सगळ्या टोल्यात घरोघर मी सांगत सुटलो आहे. काल तर एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं.

भाऊजींना, आईला पुन्हा नमस्कार.

तुझा धाकटा
देवानंद

ता. क. कालच्या कंडक्टरनं बातमी वडशाला पोचवली आणि आईनं तिकडे सगळ्या गल्लीत माझा पोरगा कॉम्प्युटरवाला बाबू झाला म्हणून पेढे वाटले, असं त्यानंच आज येऊन सांगितलं. वाटलेले पेढे राहू दे, फक्त नाव बदलून सांग. डिप्लोमावर नाव सौ. कुंताचं आहे. माझ्या बोटाखाली एका वेळी तीन बटणं दाबली जायची, म्हणून मी सांगायचो आणि ती दाबायची. पुढं पुढं मी सांगायच्या आत ती दाबायला लागली. दिव्यानी मॅडमनंच फोनवर तिला म्हटलं, तुमचा वेगळा फॉर्म भरा, दहावी झालेली आहे ना. परीक्षेला ती आत बसली, मी बाहेर लिंबाखाली. माझं तर डिसेंबरातच थांबलं होतं.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. कुंता हजर व्हायला तयार नाही. म्हणते, "खुर्ची तुमच्या गुडघ्यांसाठी होती, मी तिच्यावर कशी बसू? लोक तुम्हाले हसतील." मी काही बोललो की उठून चुलीकडे जाते. तू ये आणि तिला समजाव, ती तुझंच ऐकते. खोटं कशाला सांगू, निकालाच्या दिवशी मला वाईट वाटलं. एक दिवस वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ती मशीनसमोर बसून पुण्याला पत्र लिहीत होती, दहाही बोटांनी, कीबोर्डकडे न बघता, आणि मी दारात उभा राहून बघत होतो. बाई, वीस वर्षांच्या संसारात तिला इतकी ताठ बसलेली मी कधी बघितली नव्हती. हसणाऱ्यांना हसू दे. गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघेन. पण ही जागा तिनं सोडली तर मला आयुष्यभर चुकल्यासारखं वाटेल. हे तिच्यासमोर मला बोलता येत नाही, म्हणून तुला लिहितो. तीस तारखेच्या आत ये.

ता. क. तिसरा, कुंताकडून. बाई, नमस्कार. यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याजवळच दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरले, म्हणून वाचलं. यातलं शेवटचं मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मी तीस तारखेच्या आत हजर होणारच आहे. तुम्ही तरी याच, आणि दोन दिवस मला समजावल्यासारखं करा. मी आधी नाही म्हणेन, मग ऐकेन. त्यांना वाटू द्या, त्यांच्या पत्रानंच काम झालं.