तुह्या टेबलावरचे तिघं

बापू, मी तुही बहीण लिहून राह्यली. तुले जाऊन इतके वर्षं झाले, कवा दोन ओळी लिहिल्या नाही. मेलेल्या माणसाले पत्र लिहिणं हे रिकामटेकड्याचं काम, असं माहं मत अजूनही आहे. पण कालच मी अमरावतीवरून आली, अन् तिथं जे झालं ते सांगायले आता दुसरं कोणी उरलं नाही. मिलिटरी कॉलेजात तुह्या टेबलावर जे तिघं जेवत, त्यातला साताऱ्याचा गेला, चष्मेवाला गेला. लंबू आहे, अमरावतीले, पण त्याले काही उमजत नाही. म्हणून तुले सांगून राह्यली. माही शाळा सातवीपर्यंत, चुका पाहत बसू नको.

ते पहिल्यांदा सोनाळ्यात आले तवा तुले जाऊन तीन-चार महिने झाले असन. लढाई नाही, काही नाही. पहाडात रस्ता खचला अन् तुही जीप खाली गेली, एवढंच आम्हाले समजलं होतं. आपले आबा खाटेवरून उठत नव्हते. एसटीतून तिघं उतरले, तुह्या कपड्या-सामानाची काळी पेटी आळीपाळीनं खांद्यावर घेऊन घरापोतर आले. मी वांग्याचं भरीत केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या, ताटं वाढली. ते काही ओळीत बसले नाही. चौकोनात बसले, एक बाजू मोकळी ठेवून. अन् ताटाले हात लावायले तयार नाहीत. लंबू खाली पाहते, चष्मेवाला दाराकडं पाहते, भाकर गार होऊन राह्यली. माह्या डोक्यात तिडीक गेली. म्हणलं हे साहेब लोकं, याईच्या घशाखाली आपलं अन्न उतरत नाही. "गोड लागत नसन त सांगा, म्हशीले टाकते," मी म्हणली. आबा म्हणे, "अवं, हळू बोल." तवा साताऱ्याचा बोलला, "आक्का, तसं नाही ओ. आमच्यात टेबलावर चौघं बसल्याबिगर घास उचलायचा नाही. एकानं उचलला तर चौघांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या. पार अंगात मुरलंय. आता काय करावं तेच कळंना झालंय."

पाह्य बापू, तिघं मोठे अफसर, अन् भाकर पुढ्यात घेऊन पोट्ट्यासारखे बसले. मी पिठाचे हात धुतले, एक ताट वाढून घेतलं अन् मोकळ्या जाग्यावर जाऊन बसली. माणसांच्या पंगतीत मी आबासमोर कवा बसली नव्हती. आबानं तोंड भिताडाकडं केलं. "झाले ना आता चार? खा," मी म्हणली. लंबूनं पहिला घास घेतला अन् म्हणे, "बाई, तुम्ही त आमच्या कवायतीच्या उस्तादापेक्षा डेंजर आहे." चष्मेवाल्याले ठसका लागला. तू गेल्यावर त्या घरात तवा पहिल्यांदा कोणी हसलं.

तवापासून ते येतच राह्यले. दरसाल नाही जमलं त दोन सालानं, हिवाळ्यात, तुरीच्या शेंगा भरल्या की. कोणाची बदली आसामात, कोणाची राजस्थानात, पण कोणाले ना कोणाले सुट्टी भेटे, अन् तो बाकीच्याईले गोळा करून आणे. बायका आणल्या, लेकरं आणले, मंग लेकरं मोठे झाले अन् पुन्हा तिघंच येऊ लागले. तुरीच्या ओल्या दाण्याची, सोल्याची भाजी खायची, ओसरीत बसून भांडायचं. भांडण ठरलेलं. कवायतीच्या वेळी तू मेसच्या भिताडामागं लपून उस्तादाच्या आवाजात ऑर्डर दिली, अन् सारी टोळी उलटी फिरून नालीत गेली, त्यात पहिला कोण पडला? लंबू म्हणे सातारकर, सातारकर म्हणे, "ए खोटारड्या, तुझी बुटं अजून भिजलेली असतील बघ." मी भांडी घासत ऐको. पहिल्या खेपेले मले वाटलं, हे दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगून राह्यले. आमचा बापू अन् नकला? तू सुट्टीत घरी ये तवा मान खाली घालून जेवे. "कसं आहे तिथं?" मी विचारलं त "ठीक आहे." भाजी कशी झाली? "ठीक आहे." एवढे दोन शब्द. दुसरं मी विचारलंही नाही. म्हणलं पोट्टा असाच आहे. तो नालीत टोळी पाडणारा पोट्टा मले पाहायलेच नाही भेटला. तू गेल्यावर तो मले ऐकू ऐकू माहीत झाला, तुकड्यातुकड्यानं, दुसऱ्याच्या तोंडून.

गावात तुह्या नावाची कमान उभारायची म्हणून पंचायतवाले आले होते. मी म्हणलं, कमान राहू द्या, टाकीचा नळ गळून राह्यला तो पाहा. चष्मेवाल्यानं तुह्या साऱ्या बॅचच्या व्हॉट्सॅप ग्रुपात मले टाकलं, रोज सकाळी नुसते गुलाबाचे फुलं. मी निघाली त्यातून. त्यानं फोन केला, "ताई, रागावलात का?" मी म्हणलं, फुलं नको पाठवू, येत असशीन त ये. तो आला होता. तेच त्याचं शेवटचं येणं झालं. साताऱ्याचा त्याच्या आधीच गेला.

अन् मागच्या हप्त्यात लंबूच्या सुनेचा फोन आला. "आत्या, बाबा जेवतच नाहीत. ताट समोर ठेवलं की म्हणतात, टेबल भरू द्या. आम्ही तिघं बसून पाह्यलं, तरी म्हणतात हे आपल्या टेबलाचे नाहीत. दवाखानेवाले नाकातून नळी टाकू म्हणून राह्यले." माहा पोरगा म्हणे, व्हिडिओवर बोल. मी म्हणलं, फोनातून कोणी पंगतीले बसते का? अकोटावरून अमरावतीची बस धरली अन् गेली.

काय सांगू तुले. तो एवढा उंच माणूस, खुर्चीत घडी करून ठेवल्यासारखा. मनगटाची हाडं नुसती. सुनेनं टेबलावर ताटं मांडली, मी समोर जाऊन बसली. तो माह्याकडं पाहत राह्यला, मंग म्हणे, "तू सोनाळ्याची."

"हाव."

"तो कुठं आहे? तुहा भाऊ?"

तुले माहीत आहे, मले गोलगोल बोलता येत नाही. मी म्हणली, "तो मेला ना बाप्पा. तुम्हीच नाही का पेटी घेऊन आले होते?"

"कवा मेला?" म्हणे. "मले कोणी सांगतलं नाही." अन् रडला, बापू. आत्ता तार आल्यासारखा रडला. तुहं नाव घेऊन, टेबलावर कपाळ टेकवून. सुनेनं माहा हात ओढला, "आत्या, कायले सांगतलं?" मी त्याच्याकडंच पाहत होती. तुह्यासाठी असं मीही रडली नव्हती. मले तवा आबाले उठवायचं होतं, चूल पेटवायची होती, अन् मंग राहूनच गेलं. अन् रडली असती तरी कोणासाठी? "ठीक आहे" म्हणणाऱ्या पोट्ट्यासाठी. त्यानं गमावला तो दुसराच होता. त्या दिवशी त्यानं पाणीही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं विसरला. पुन्हा ताट, पुन्हा तेच. "तो कुठं आहे? सातारकर कुठं आहे? टेबल भरू द्या." माह्या तोंडात खरं आलंच होतं. पण मनगट दिसलं, अन् मी खेकसली, "ते आले अन् जेवून गेले! तूच मागं राह्यला. खा लवकर, मेस बंद होऊन राह्यली."

त्यानं एकदम मान वर केली. "अबे! मंग मले काऊन नाही उठवलं?" अन् ताट पुढं ओढलं. भाकर मोडली, वरणात बुडवली, दोन्ही हातांनी खाऊन राह्यला. मधीच थांबला, माह्याकडं चोरून पाह्यलं. "फेऱ्या लागन का?"

"खाशीन त नाही लागन."

सारं ताट पुसून खाल्लं त्यानं. सून दाराआड रडत होती. मी तिले म्हणलं, रडू नको, पाठ कर. रोज असंच म्हणायचं, अन् जोरात म्हणायचं, लाडात नाही. दोन दिवस थांबली. तिले जमू लागलं. काल सकाळी तिच्याच आवाजावर जेवला अन् मी कोण हे त्यानं विचारलंही नाही. मंग मी पिशवी उचलली. आता तिथं माही गरज नाही, अन् हिवाळ्यात इथं कोणी यायचं नाही.

हे पत्र टाकायचं नाही, कोणाले दाखवायचंही नाही, म्हणून एक सांगते. येताना बसमध्ये बसल्या बसल्या मनात आलं, तू जगला असता त मोठा साहेब झाला असता, दिवाळीले आला असता, ठीक आहे म्हणून गेला असता. अन् हे तिघं माह्या ओसरीत कायले आले असते? तुह्या बंगल्यावर गेले असते. मी मनातल्या मनात मांडून पाह्यलं, कोणी म्हणलं की घे तुहा भाऊ परत अन् दे ते सारे हिवाळे, त? मी हो म्हणली. हो म्हणलीच. पण बापू, म्हणायच्या आधी घडीभर थांबली.