झाडाखाली कोण बसणार

२ फेब्रुवारी
गटाने काम करणं हे कौशल्य आहे. मला ते येतं. उरलेल्या तिघांना शिकवावं लागेल. या सत्रात आमच्या कुमासीच्या इंजिनियरिंग वर्गाने चौघा-चौघांत कसाव्याचे कंद किसायचं पायडलचं यंत्र बनवायचं आहे. ज्याच्यामुळे गट चालतो, त्याला तेमाच्या कारखान्यात प्रशिक्षण. ते मला हवंय. मिळेलच, नोंद असावी म्हणून लिहिलं.

५ फेब्रुवारी
सेलासी वेल्डिंग करते. फुसेनी पायडल मारतो. ओबिरी भाजलेली केळी आणतो आणि सगळ्यांना हसवतो. याला काम म्हणावं का, ठरेना. तूर्त नाही.

९ फेब्रुवारी
सेलासीने केलेले सगळे जोड तोडून पुन्हा केले. तिच्यावर विश्वास आहे, फक्त खात्री हवी होती. ती म्हणाली, "मुकादमबाई, उद्यापासून माझा फोटो लावा इथे. मी कशाला येऊ?"
गटात मोकळेपणा वाढतो आहे. पदवीही मिळाली: मुकादम.

१४ फेब्रुवारी, दुपारी
पहिली चाचणी. फुसेनीला म्हटलं, जोर लाव. त्याने लावला. सगळा कीस खिडकीतून थेट दॅन्सो मॅडमच्या डोक्यावर. त्या आमचा विषय शिकवतात, गुणही त्याच देतात. यंत्राची ताकद सिद्ध झाली, दिशा बघते. फुसेनी हसता हसता सीटवरून पडला. ओबिरीने धावत जाऊन मॅडमना विचारलं, "मॅडम, वरून मिरची भुरभुरू का थोडी?" मॅडमसुद्धा हसल्या. मी खिडकीपर्यंतचं अंतर मोजलं. कोणीतरी मोजायला हवंच होतं.

२० फेब्रुवारी
गटभावनेवर तासभर बोलले. मध्ये कोणी बोललं नाही. फार छान. शेवटी फुसेनी उठून म्हणाला, "मी काही उद्या येत नाही बाबा."

२१ फेब्रुवारी
आला. सेलासीही आली. माझ्या बोलण्याचा परिणाम जरा उशिरा होतो इतकंच.

४ मार्च
मॅडमनी उद्याच्या परीक्षेचा नियम सांगितला. प्रत्येकाने चिठ्ठीवर असं नाव लिहायचं, ज्याच्यावाचून आपल्या गटाचं अडेल. जास्त मतं ज्याला, तो गप्प कडुलिंबाखाली बसणार. प्रशिक्षणाची शिफारसही त्याचीच. बाकी तिघांनी यंत्र चालवायचं.
वाईट वाटलं. बिचारे माझ्याशिवाय काय करतील? दिवसभर बसायचंच आहे, म्हणून पांढरा ड्रेस इस्त्री केला.

५ मार्च
मॅडमनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. ओबिरी. ओबिरी. सेलासी. चौथी चिठ्ठी त्यांनी जरा लांब धरली. "अफ्रिये. ड्रॉइंगच्या सरळ, रेखीव अक्षरात." सगळा वर्ग माझ्याकडे वळला. आपलं नाव लिहू नका असं कोणी सांगितलं नव्हतं.
ओबिरी झाडाखाली. मी सेलासीला म्हटलं, कंद उभा घाल. तिने आडवा घातला. मी पुन्हा म्हटलं. तिने कंद माझ्या हातात दिला. "तूच घाल गं बाई. रोज संध्याकाळी तो फोन करून आमची मनधरणी करायचा, म्हणून यायचो आम्ही. आज त्याला बोलायला बंदी आहे." फुसेनी पायडलवरून उतरला आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला.
यंत्रात काही दोष नव्हता. मी पायडल मारून किसणीचा ढोल फिरवायची, उडी टाकून कंद घालायला धावायची, तोवर ढोल थांबायचा. पुन्हा पायडल. इतर गट टाळ्यांचा ठेका धरत होते. ड्रेसचा रंग आता सांगता येणार नाही. कीस वाटीभर. बारीक मात्र एकसारखा.

९ मार्च
शिफारस ओबिरीची. अभिनंदन केलं. मॅडमनी आमच्या गटाला आणखी एक संधी दिली आहे. ओबिरी म्हणाला, "ये की गं. फक्त या वेळी प्रमुख सेलासी." विचार करून सांगते म्हटलं.

१० मार्च
विचार केला. गेले. सेलासीने सुरी दिली आणि कोपऱ्यात कंद सोलायला बसवलं. तिघं यंत्रापाशी खिदळत होते. सोलायच्या पद्धतीत बरीच सुधारणा करता येईल.
अजून बोलले नाही.