भागिरथा एक नव्हे, दोन

जिच्या नावावर मी जन्मभर भाकर खाल्ली, त्या माझ्या सवतीचं मरण माझ्या नातवानं लाल शाईनं खोडलं. मला विचारलंसुद्धा नाही. शफीक अर्जनवीस म्हणतो, "आजी, मृत्युपत्रात पयले नावगाव लिहा लागते, भांडण नाही." मी म्हटलं, "तुह्यं लिहिशीन तवा तसं लिही. हे माह्यं हाये."

आता नावगाव. मी भागिरथा भ्रतार दौलत ताजणे, माहेरची गंगू, वय पासष्टीच्या आसपास, राहणार मेडशी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कान थोडे गेलेत, आणि मला कोणी भरीस घातलेलं नाही. मला भरीस घालणारा अजून जन्मायचा आहे.

१) बुढ्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझ्या नावानं केलेलं दोन खोल्यांचं घर माझ्यामागे मुलगा माणिकराव याचं. जातं आणि खुरपी नातसून ललिताबाईला. ती दळण चक्कीवर नेते हे मला दिसतं, तरी तिलाच. शिल्लक काही नाही. बुढा गेला तेव्हा पुतण्यांनी पैशांचं गाडगं शोधायला चुलीमागची जमीन खणली, चूल मला नव्यानं घालावी लागली. त्या पुतण्यांना काही नाही.

२) आता मुद्द्याचं. माणिकरावाचा मुलगा जगदेव वाशिमला कारकून आहे. मागच्या महिन्यात तो भला मोठा कागद घेऊन आला. म्हणे, "पाटलाच्या घरी वंशावळ हाये, आपल्या घरी काहून नसावी?" असावी. पूर्वी आमच्यात आजाचं नाव नातवाला देत, म्हणून वरती सगळे दौलत आणि भिवाजी. त्यानं बाप्यांना थोरला, मधला, धाकला लावून नीट वेगळं केलं. बाया दोन होत्या, त्या मात्र एकीत कोंबल्या.

सरकारी बुकात आहे: दौलतची बायको भागिरथा, मयत १९२६. पुढे त्याच बुकात १९३० साली दौलतची बायको भागिरथा हिला लेक झाली. जगदेव म्हणाला, "मेलेल्या बाईले चार वर्षांनी लेक कशी होईन? कारकुनाची चूक हाये." आणि आपल्या कागदावरचं मरण खोडलं.

चूक नाही. पहिली भागिरथा तापानं गेली, तेव्हा माणिकराव अंगावर पीत होता. वर्षाच्या आत मला आणलं. सासू म्हणाली, "नाव तेच ठेवा. दुसरं ठेवलं तं मेलेलीले राग येते, अन् आमाले हाक मारायची सवय हाये." सवतीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाई ठोकलेली. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. त्या दिवसापासून मला गंगू कोणी म्हटलं नाही.

माणिकराव माझ्याजवळ वाढला. हे सगळं त्याला माहीत आहे. तरी जगदेवाला म्हणाला, "राहू दे एकच." आणि मला म्हणाला, "माय, मले तं तूच आठवतं."

"तुले आठवत नाही म्हणून ती झालीच नाही काय रे?" मी म्हटलं. तो उठून बाहेर गेला.

खोडलेलं तसंच ठेवलं तर मला फुकटात लेक मिळतो. पण सव्वा वर्षाचं पोर टाकून गेलेल्या बाईजवळ दुसरं काय होतं? ते मी घेत नाही.

३) म्हणून जगदेवानं कागद नव्यानं काढावा. पहिली भागिरथा, मयत १९२६, तिच्या खाली माणिकराव आणि त्याचा सगळा पसारा. तिच्या बाजूला गंगू. माझ्या खाली माझी लेक रुख्मिणी, तीन वर्षांची होऊन गेली. तिथं रेघ थांबते, थांबू द्या. खाली जागा रिकामी दिसते म्हणून काही चिकटवू नका.

४) छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा घरातले देव नदीत सोडले. बुढा म्हणाला, "टाकही सोड." मी गळ्यातून काढला, सोडला नाही. ती देव नव्हती, बाई होती. माझ्या वाकळीच्या कोपऱ्यात शिवलेला आहे. तो माणिकरावाला. तिचं दुसरं काही उरलेलं नाही. हळदकुंकू लावाल तर खबरदार.

हे शफीकनं दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. माझंच आहे.

मेडशी, तालुका वाशिम, जिल्हा अकोला. ११ मार्च १९७४.

सही: गंगू (प्रौढ वर्गात एवढंच शिकले) व डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: सेवादास राठोड, अंगठा. पहिल्या भागिरथाला डोळ्यांनी पाहिलेला गावात हा एकच उरला, म्हणून बोलावला.
साक्षीदार: हेमसिंग पवार, सही.
लिहिणार: शेख शफीक, अर्जनवीस.

शफीक, कागदाची घडी करू नको. आणखी एक लिही, आणि दोघांचे अंगठे-सह्या याच्याही खाली घे.

मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला सगळे जमतील त्या दिवशी जगदेवानं नवा कागद सगळ्यांसमोर वाचावा. पहिल्या भागिरथाचं नाव आलं की माणिकरावानं उभं राहून म्हणावं, "माझी माय." मग जगदेवानं गंगूचं नाव वाचावं आणि थांबावं. तेव्हाही माणिकरावानंच बोलायचं. काय बोलायचं ते मी लिहून देत नाही. त्याला वेळ लागला तरी दुसऱ्या कोणी मधे तोंड घालायचं नाही.